चीजचे गोळे आणि तिची शपथ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते चीजचे गोळे वळायचं. डहाणूला लेकीच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरात फरशीवर जुने पेपर पसरून बसलो होतो. ती खिसत होती, मी वळत होतो. लेक शाळेत गेलेली, जावई रेल्वेत ड्युटीवर. घरात आम्ही दोघंच.

संध्याकाळी गच्चीवर पार्टी होती. लेक मुख्याध्यापिका झाली होती. तलासरीच्या बाजूला आमचा पाडा. तिथली पोरगी, बाप चिकूच्या वाड्यांमधून रोजावर राबणारा, मी चौथी नापास, आणि ही मुख्याध्यापिका. म्हणजे पार्टी तर होणारच. जेवण बाहेरून यायचं होतं. पण जेवणाच्या आधी उभ्या उभ्या जे खातात, स्टार्टर म्हणतात, ते आमच्या हिनं मागून घेतलं. "बाहेरच्याचं तेल कसलं असतं कुणाला माहीत. मी करते." लेक नको नको म्हणाली. ऐकते कोण? आदल्या दिवशीच आम्ही शेअरच्या इको गाडीत बसून डहाणूला आलो.

तिला हे यायचं कुठून? वीस वर्षं आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात तिनं डाळभात शिजवला. तिथनं सुटल्यावर बोर्डीला एका बंगल्यात शनिवार-रविवार स्वयंपाकाला जायची. चीजचं सगळं तिथल्या बाईंनी शिकवलं. पहिल्यांदा घरी तुकडा आणला तेव्हा मी चावून म्हणालो, ही तर खारट मेणबत्ती आहे. तर म्हणाली, "आयुष्यभर चिकू खाल्लात, तुम्हाला काय कळणार."

कृती सोपी आहे. उकडलेला बटाटा खिसायचा, तेवढंच चीज खिसायचं, कुटलेले मिरे, कोथिंबीर, बारीक मिरची. मीठ अगदी नावाला, चीज आधीच खारट असतं. गोळा वळायचा, मक्याच्या पिठाच्या पातळ पाण्यात बुडवायचा, पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचा. चांगला गार झाला की मगच तळायचा, नाहीतर तेलात फुटतो. लेकीनं सकाळी जाताना बजावलं होतं, "बाबा, लहान वळा. एका घासात गेला पाहिजे. लोकांच्या दुसऱ्या हातात मोबाईल असतो."

मी वळले ते मोठे झाले. माझे हात तसलेच.

"लाडू वळताय का? बारसं हाय कुणाचं?" ही म्हणाली. "आवळ्याएवढा सांगितलाय तिनं."

"आवळाच आहे हा."

"तुमचा आवळा म्हणजे नारळ."

मग माझा एक गोळा मोडून तिनं त्याचे दोन केले. मी तिच्याकडे न बघता आणखी एक मोठा वळला. मुद्दाम. ती हसली. ते हसणं मला चांगलं आठवतं, कारण त्याच्यानंतर थोड्याच वेळात खिसणीचा आवाज थांबला.

"काय झालं?"

"काय नाय. हात भरून आला."

ती डावरी होती. वाढायला तेवढा उजवा हात, कारण डाव्या हातानं वाढलं की लोक नावं ठेवतात. बाकी चिरणं, खिसणं, लाटणं सगळं डाव्यानं. सकाळपासून दोन किलो बटाटे आणि चीजचे एवढे तुकडे तिनं खिसले होते. डावा हात दुखणारच, असं मला वाटलं. तिलाही तेच वाटलं. कुणालाही वाटलं असतं. खिसणी मी माझ्याकडे ओढली आणि तिच्यापुढे चिकूची टोपली सरकवली.

चिकू म्हणजे तिच्या डोक्यातून निघालेलं. चिकूची फोड आणि चीजचा चौकोनी तुकडा, दोन्ही एका दात कोरायच्या काडीत. लेकीला लाज वाटत होती, लोक काय म्हणतील. पण चव लागते, खोटं कशाला बोलू. चिकू मात्र जरा कडक लागतो. जास्त पिकला की काडीवरून घसरून पडतो. नरपडच्या वाडीतून मी स्वतः दाबून दाबून आणले होते.

तिनं चार-पाच चिकू चिरले आणि सुरी खाली ठेवली. कोपरापासून खांद्यापर्यंत हात चोळायला लागली. जानेवारीचे दिवस, पंखा बंद, खिडकीतून गार वारा, आणि हिच्या कपाळावर घाम. नाकाच्या शेंड्यावर पण घाम. तो घाम बघितला आणि माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला. पाड्यावर, पावसाळ्यात, चुलीपुढे, तिचा घाम मी जन्मभर बघत आलो. हा घाम तसला नव्हता. हा गार होता. मी हात लावून बघितला.

"लेकीला फोन करतो," मी म्हणालो.

"करा आणि बघा."

"अगं, पण—"

"आज तिचा दिवस हाय. शाळेत सगळे तिला हार घालतायत. तुम्ही फोन करणार, ती पळत येणार, आणि मग काय? आईचा हात दुखतो म्हणून पार्टी रद्द? तिला एक शब्द जरी सांगितलात ना, तर माझी शप्पथ हाय तुम्हाला."

हे वाचणाऱ्याला कदाचित हसू येईल. शपथ काय, पोरंटोरं दिवसातून दहा वेळा घेतात. पण आमच्या घरात शपथ म्हणजे वेगळं होतं. माझ्या आईनं माझ्या बापाला दारू सोडायची म्हणून स्वतःची शपथ घातली होती. बापानं ती मोडली, होळीच्या दिवशी. आई त्याच महिन्यात तापानं गेली. मी सात-आठ वर्षांचा. सगळा पाडा म्हणाला, यानंच मारली. बापानं त्यानंतर कधी मान वर करून कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. शपथ मोडली की ज्याची शपथ तो मरतो. हे मला कुणी शिकवलं नाही, मी बघितलं होतं.

म्हणून मी घाबरलो. घामाला घाबरलो होतोच, आता तोंड उघडायलाही घाबरलो.

"सुटली म्हण," मी म्हणालो. शपथ घातली की घालणाऱ्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं, तरच ती उतरते.

"नाय म्हणत."

"एकदा म्हण गं. पाया पडतो तुझ्या."

"पाया पडा. मग चिकू चिरा."

डॉक्टरकडे चल म्हणालो. तर म्हणाली, इथला डॉक्टर लेकीला ओळखतो, पहिला फोन तिलाच जाणार. तेही खरं होतं. मग मी माझ्या अकलेनं एक काढलं. शपथ लेकीला सांगायची नाही एवढीच होती. खाडीकडच्या मच्छीमारांच्या वस्तीत एक म्हातारा होता, मुरगळलेलं, चढलेली नस बसवणारा. जाळी ओढून खांदे उतरतात त्यांचे तो बसवतो. मी रिक्षा केली आणि त्याला घेऊन आलो. तेव्हा बारा वाजत आले होते.

त्यानं तिला स्टुलावर बसवलं. हाताला तेल लावलं, मनगटापासून बोटानं दाबत दाबत वर गेला.

"बाय, इथं दुखतं?"

"नाय."

"इथं?"

"दाबून नाय दुखत. आतून दुखतं."

"जबड्यात?"

तिचा हात जबड्याकडे गेला. मग म्हणाली, "ती दाढ हाय. जुनी."

हे मला ठाऊक नव्हतं. जबड्याचं ती माझ्याशीही बोलली नव्हती.

म्हाताऱ्यानं तिचा हात तिच्या मांडीवर अलगद ठेवला. जणू तो हात काचेचा आहे. मोरीत हात धुतले, आणि दारापाशी मला बाहेर बोलावलं. "ही नस नाय. माझं काम नाय हे. दाक्तरला दाखव. आज. आता."

मी चहाचं विचारलं. तोंडातून आपोआप गेलं.

"चहा काय करतोस? तिला ने." आणि तो जिना उतरून गेला.

मी दारात उभा होतो. आत ती, समोर जिना. खाली जाऊन समोरच्या मेडिकलमधून कुणालाही बोलावता आलं असतं. शेजारच्या दारावर हात मारता आला असता. आता लिहिताना मला दहा वाटा दिसतात. तेव्हा एकही दिसत नव्हती, कारण प्रत्येक वाट शेवटी लेकीच्या कानाशी जात होती, आणि तिथं गेली की ही मेली.

आत आलो. "काय म्हणाला?"

"डॉक्टरला दाखवा म्हणाला."

"उद्या जाऊ. पार्टी झाली की उद्या सकाळी, पहिल्या नंबरला. जाऊ म्हटलं ना. गॅस असेल." तिनं ओवा चावला, वर गरम पाणी प्यायली, आणि खरंच तासभर बरी झाली. रंग आला तोंडावर. मला शिव्या देऊन माझे सगळे मोठे गोळे पुन्हा मोडायला लावले. मला तर तेच हवं होतं. मी मनात म्हणालो, बघ, गॅसच होता, त्या म्हाताऱ्याला काय कळतं, तो मासेवाल्यांचे खांदे बसवणारा.

शाळेतून लेकीचा फोन आला. "बाबा, किती झाले?"

"होतायत."

"आई काय करतेय?"

ही माझ्याकडे बघत होती. डोळे वटारून नाही, नुसतीच.

"चिकू चिरतेय," मी म्हणालो. चिकू मी चिरत होतो.

लेक दोन वाजता आली. हार, बुके, मिठाईचे खोके, मागून जावई खुर्च्या घेऊन. घरात नुसती धावपळ. आईच्या गळ्यात पडली, आणि हिनं उजव्या हातानं तिच्या पाठीवर थोपटलं. डावा हात पदराखाली. लेकीच्या लक्षात आलं नाही. कसं येणार? मी बघत होतो तेवढंच. दुपारभर मी त्या एका हाताकडे बघत होतो.

एकदा मी लेकीच्या मागे बाल्कनीत गेलो. ती दिव्यांची माळ लावत होती. तोंड उघडलं.

"बाबा, चेहरा असा का? दमलात का तुम्ही?"

"नाही."

"मग?"

"रात्री झोप लागली नाही. जागा बदलली की लागत नाही."

"जा, पडा जरा. आई करेल बाकीचं."

आई करेल. मी परत स्वयंपाकघरात आलो आणि फरशीवर बसलो, तिच्या पायाशी.

सात वाजता माणसं यायला लागली. शाळेतले शिक्षक, रेल्वेतले जावयाचे सोबती, बिल्डिंगमधले. तळायला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. स्टुलावर बसून उजव्या हातानं झाऱ्या फिरवत होती. डावरी बाई उजव्या हातानं तळते आहे, हे त्या घरात माझ्याशिवाय कुणाला दिसलं नाही. मी फ्रीजमधून काढून देत होतो. घाईत एक ताट चुकलं, उशिरा ठेवलेलं, अजून गार न झालेलं. त्यातला एक गोळा तेलात फुटला, चीज बाहेर आलं, तेल उडालं.

"कुठं लक्ष हाय तुमचं?"

"तुझ्याकडे," मी म्हणालो. तिनं फुटलेला गोळा झाऱ्यानं बाजूला काढला.

आता मी काय केलं ते सांगतो, मला त्याची अजून लाज वाटते. माझ्या डोक्यात एकच होतं. पार्टी संपली की मी बोलू शकतो. पार्टी झाली की डॉक्टरकडे जाऊ, हे ती स्वतः म्हणाली होती. म्हणजे लोकांनी खाल्लं पाहिजे, लवकर खाल्लं पाहिजे, आणि घरी गेलं पाहिजे. मी ताटं घेऊन गच्चीवर पळत होतो आणि एकेकाच्या तोंडापुढे धरत होतो.

"घ्या. घ्या आणखी."

"आजोबा, घेतले हो चार."

"पाचवा घ्या. पटापट खा."

"आजोबांना घाई दिसतेय! गाडी आहे का कुठली?"

सगळे हसले. कुणी वाढवणच्या होऊ घातलेल्या बंदरावरून वाद घालत होते, त्यांच्या मध्ये मी ताट घुसवलं. एका बाईनं काडी उचलली. "हे काय? चिकू? चीजबरोबर?"

"डहाणूवाले कशातपण चिकू घालतील," रेल्वेतला एकजण म्हणाला. पुन्हा हसले. मग त्यानं खाल्लं आणि दुसरी काडी घेतली. सगळ्यांना आवडलं. कुठं ऑर्डर दिली म्हणून विचारत होते. जावई म्हणाला, "आमच्या सासूबाई." ताटं रिकामी होत होती, आणि प्रत्येक रिकाम्या ताटाला मला वाटायचं, चला, एवढं कमी झालं.

पण माणसं जात नव्हती. खाणं चांगलं असलं की माणसं जात नाहीत, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग लेकीला बोलायला सांगितलं. ती म्हणाली, आईला वर बोलवा, आईशिवाय मी बोलणार नाही. मी खाली धावलो. हिला म्हणालो, येऊ नकोस, सांगतो तू तळतेस म्हणून. ती उठली होती. पदर नीट केला. "माझ्या लेकीचं कौतुक हाय आणि मी जाऊ नको?"

तीन मजल्यांची बिल्डिंग. दुसऱ्यावरून गच्चीपर्यंत चार लहान जिने. मी तिच्या मागे होतो. प्रत्येक पायरीला तिच्या टाचा बघत होतो, आणि माझ्या तोंडात 'सुटली म्हण, सुटली म्हण' एवढंच. आवाज नव्हता. वळणावर ती थांबली, कठड्याला धरलं. मी म्हणालो, "बस." ती म्हणाली, "दम लागला, मरत नाय मी." आणि पुढे चढली.

लेक छान बोलली. शाळेबद्दल बोलली, मग आईबद्दल. माझी आई दोनशे पोरांचं जेवण शिजवून घरी यायची आणि माझा अभ्यास घ्यायची, अंक लिहिता येत नसताना, असं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिनं दोन्ही हात वर करायला बघितलं. एकच आला. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, "पाणी" म्हणाली, आणि पाणी येईपर्यंत तिची मान एका बाजूला गेली होती.

दवाखाना जवळ होता. जावयानं गाडी कशी आणली मला ठाऊक नाही. तिला पडद्यामागे नेलं. डॉक्टर बाहेर आले, तरुण होते. "त्रास कधीपासून होता?"

लेक म्हणाली, "आत्ताच. गच्चीवर. दिवसभर छान होती."

"डावा हात? छाती? जबडा? आधी काही?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. पडद्यामागून तिचा श्वास ऐकू येत होता, ओढून घेतल्यासारखा. ती जिवंत होती. ती जिवंत होती म्हणून शपथ जिवंत होती. मी आत्ता बोललो तर त्याच क्षणी तो श्वास थांबेल, असं मला वाटत होतं. वाटत होतं कसलं, खात्री होती.

"आत्ताच," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, गुजरातेत मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल. अँब्युलन्स आली. दारात उभी होती, मागचं दार उघडं. पण तिला आत चढवायची वेळच आली नाही. श्वास थांबला. मी काहीही बोललो नव्हतो, आणि तरी थांबला.

सकाळी आणली असती तर वाचली असती का, हे डॉक्टर बोलले नाहीत. त्यांना कोण सांगणार होतं की सकाळीच दुखत होतं?

पहाटेच तिला पाड्यावर आणलं. उजाडल्यावर बायका जमल्या. अंगणात तिला ठेवलं होतं, लेक उशाशी. बायका एकमेकींना सांगत होत्या, लेकीचं कौतुक बघत गेली, काही भोगलं नाही, असं मरण कुणाला मिळतं. लेक प्रत्येकीला तेच सांगत होती. "दिवसभर हसत होती. एकदम गेली. तिला काही त्रास झाला नाही." नवीन बाई आली की पुन्हा तेच. आपल्याच मनाला समजावत होती ती, मला दिसत होतं. तिला ते वाक्य हवं होतं. मलाही हवं होतं. मी गप्प बसलो असतो तर जन्मभर कुणी मला विचारलं नसतं. तो नस बसवणारा आमच्या पाड्यावर कशाला येतोय?

बाप आठवला मला. त्याची खाली घातलेली मान.

मी उठलो आणि लेकीसमोर जाऊन बसलो. बायका सरकल्या.

"झाला त्रास," मी म्हणालो. "साडेदहापासून दुखत होतं तिला. मला ठाऊक होतं."

तिला कळलं नाही. "काय, बाबा?"

"हात दुखत होता. घाम आला होता. बारा वाजता एका म्हाताऱ्याला दाखवलं, तो म्हणाला डॉक्टरकडे न्या. मी नेली नाही. तुला सांगितलं नाही. तिनं शपथ घातली होती."

एक बाई हळूच म्हणाली, आता कशाला हे, आता राहू दे. लेकीनं तिच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला की तसा मी पुन्हा कुणाचा बघू नये. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "सगळं सांगा. पहिल्यापासून."

मी सगळं सांगितलं. खिसणी थांबली तिथपासून, तिच्या आईच्या समोर, सगळ्यांच्या देखत.